आम्ल एक, नावे तीन

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतून एका वाचकांचे दीर्घ पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

“वडिलांनी सुरू केलेला ॲसिडच्या घाऊक विक्रीचा व्यवसाय आता काका आणि मी मिळून पाहतो. आजवर आमची सगळी गिऱ्हाइके नंदेसरी, पादरा आणि हालोल या टापूतलीच होती. आता टांझानियातील दार-एस-सलामच्या एका व्यापाऱ्याने ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड ३५ लिटरच्या ३०० कारब्यांत (प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमध्ये) मागितले आहे. त्याच कंटेनरमध्ये दोन टन कॉस्टिक सोडा फ्लेक्सही हवे आहेत. शिवाय ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणीविरहित, ॲसिटिक ॲसिडचा एक टँक मलेशियातून मागवावा, असाही आमचा विचार चालू आहे. माल पाठवून देणारा एजंट म्हणतो, कागदावर ‘औद्योगिक रसायन’ एवढेच लिहा, जहाजाचे भाडे कमी पडेल. काकांचे म्हणणे असे की तीस वर्षे ॲसिड विकले, कागद काय, मागाहून होतात. कस्टमसाठी नेमके काय लागते आणि कोणाचे ऐकावे? कच्चे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सेफ्टी डेटा शीट सोबत जोडत आहे.”

स. न. वि. वि.

आपण कच्चे कागद जोडलेत, हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. आपल्या इन्व्हॉइसवर मालाचे नाव ‘बॅटरी ॲसिड’ असे आहे, पॅकिंग लिस्टवर ‘औद्योगिक रसायन’ असे आहे आणि सेफ्टी डेटा शीटवर ‘सल्फ्युरिक ॲसिड ९८ टक्के’ असे आहे. माल एकच, पण कस्टमच्या आणि जहाज कंपनीच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या वस्तू झाल्या. आपण दुकानात ‘तेजाब’ म्हणा, ‘गंधकाम्ल’ म्हणा, समोरच्याला कळते. सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे मात्र कारबा नसतो, कागद असतो. आणि आयातीचे मूल्यांकन चेहराविरहित, म्हणजे दूरच्या कोणा अधिकाऱ्याकडून संगणकावरूनच, होऊ लागल्यापासून तो अधिकारी आपल्या बंदरावर तर सोडाच, आपल्या राज्यातही असेल याची खात्री नाही. त्याला फोन करून “साहेब, बाजारात याला असेच म्हणतात” असे सांगण्याची सोय उरलेली नाही.

‘बॅटरी ॲसिड’ या शब्दाचा मला स्वतःला बसलेला फटका सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका निर्यातदाराचे कागद पाहत असे. त्याच्या लिपिकाने जुन्या बिलावरून नक्कल करताना तोच शब्द उचलला आणि मीही तो वाचून पुढे सरकवला. संयुक्त राष्ट्रांच्या घातक मालाच्या यादीत बॅटरीत भरण्याचे आम्ल, म्हणजे ज्यात आम्लाचे प्रमाण ५१ टक्क्यांपर्यंतच असते ते, यूएन २७९६ या क्रमांकाखाली येते. ५१ टक्क्यांहून तीव्र असलेले सल्फ्युरिक आम्ल यूएन १८३० या क्रमांकाखाली येते. इन्व्हॉइस एक सांगत होते, विश्लेषणाचा दाखला दुसरे सांगत होता. कंटेनर अकरा दिवस बंदरात उभा राहिला आणि त्या अकरा दिवसांच्या जागाभाड्यात त्या व्यवहाराचा सगळा नफा वाहून गेला. चूक लिपिकाची होती असे मी तेव्हा म्हणत असे. आता म्हणत नाही.

म्हणून पहिले काम हे, की मालाची ओळख एकदाच ठरवावी आणि ती प्रत्येक कागदावर अक्षरशः तशीच उतरवावी. आपल्या मालाची ओळख अशी: रासायनिक नाव सल्फ्युरिक ॲसिड, तीव्रता ९८ टक्के, सी.ए.एस. क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळखक्रमांक) ७६६४-९३-९, शुल्कवर्गीकरणाचा आठ आकडी संकेतांक (एच.एस.) २८०७००१०, यूएन १८३०, वर्ग ८ म्हणजे क्षरणकारी पदार्थ, पॅकिंग गट दोन म्हणजे मध्यम धोक्याचा माल. याच शीर्षकाखाली पुढचा संकेतांक, २८०७००२०, ओलियमचा, म्हणजे धूर सोडणाऱ्या अतितीव्र गंधकाम्लाचा, आहे. त्याचा यूएन क्रमांकही निराळा आहे आणि त्याला विषारीपणाचा उपवर्गही जोडलेला आहे. नंदेसरीकडे दोन्ही माल एकाच गोदामातून निघतात, म्हणून हा इशारा. सी.ए.एस. क्रमांकाचे महत्त्व आयातीत तर आणखी वाढले आहे, कारण रसायनांच्या आयात घोषणेत शास्त्रीय नाव आणि हा क्रमांक देण्याची अट केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ मध्ये घातली.

आता एजंटच्या सल्ल्याविषयी. मालाचे मोघम नाव लिहून घातक मालाचा अधिभार चुकवणे ही काटकसर नव्हे, ती खोटी घोषणा आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार शिपिंग बिल (निर्यातीची घोषणा) कलम ५० खाली आणि बिल ऑफ एंट्री (आयातीची घोषणा) कलम ४६ खाली दाखल होते, आणि दोन्हींत मजकूर खरा असल्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची किंवा मागवणाऱ्याची असते. २०११ पासून स्वयंमूल्यांकनाची पद्धत आल्यावर “माझ्या माणसाने लिहिले” हा बचाव फारच पातळ झाला आहे. जाणूनबुजून खोटा कागद दिल्यास कलम ११४एए खाली मालाच्या मूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जहाज कंपन्या चुकीच्या घोषणेबद्दल स्वतंत्र दंड आकारतात आणि पुढची बुकिंग नाकारतात, ते वेगळेच.

पण दंड हा यातला लहान भाग आहे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि जूनमध्ये ते बुडाले. त्यावर २५ टन नायट्रिक आम्ल होते आणि त्याच्या एका कंटेनरमधून गळती सुरू असल्याचे आग लागण्यापूर्वी काही दिवस आधीच लक्षात आले होते. ते जहाज वाटेत आपल्या हाजिरा बंदरालाही लागून गेले होते. आम्ल कशात भरले आहे, ते कंटेनरमध्ये कसे बसवले आहे आणि त्याच्या शेजारी काय ठेवायचे नाही, हे जहाजावरचा माणूस केवळ आपल्या कागदावरून ठरवतो. त्या कागदावर ‘औद्योगिक रसायन’ असेल तर तो ते कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवील.

याच कारणाने आपला कॉस्टिक सोडाही त्या कंटेनरमधून काढावा लागेल. सागरी मार्गाने घातक माल नेण्याची आंतरराष्ट्रीय संहिता, जिला व्यवहारात सगळे आय.एम.डी.जी. म्हणतात, तीव्र आम्ले आणि अल्कली एकमेकांपासून विभक्त ठेवायला सांगते. दोन्ही वर्ग ८ मध्ये येतात म्हणून ती एकत्र चालतात, असा समज बाजारात आहे. तो चुकीचा आहे. लहान पॅकिंगसाठी संहितेत एक सवलत आहे, पण ती ३० लिटरपर्यंतच्या द्रव पॅकिंगपुरती आणि ३० किलोपर्यंतच्या घन पॅकिंगपुरती आहे, आणि दोन पदार्थ एकमेकांत मिसळले तरी धोकादायक प्रतिक्रिया होत नाही, ही तिची मूळ अट आहे. ९८ टक्के सल्फ्युरिक आणि कॉस्टिक एकत्र आले तर काय होते, हे काकांना मी सांगायला नको. दोन टन कॉस्टिक वेगळ्या कंटेनरमधून, किंवा एखाद्या एकत्रीकरण करणाऱ्या फॉरवर्डरमार्फत, स्वतंत्र घोषणेसह पाठवा. गिऱ्हाईक रुसेल असे वाटत असल्यास त्याला कारण लिहून कळवा. रसायनांचा व्यापारी असेल तर त्याला ते समजेल.

आता कारबे. येथे आपल्या पॅकिंग लिस्टमध्ये एक अशी चूक आहे की तिच्यावर माझी नजर दोनदा गेली. आपण लिहिले आहे: “३०० कारबे, प्रत्येकी ३५ किलो, एकूण १०,५०० किलो.” कारबा ३५ लिटरचा आहे, ३५ किलोचा नव्हे. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची सापेक्ष घनता सुमारे १.८४ असते. प्रसरणासाठी वरती थोडी जागा सोडून ३४ लिटर भरले तरी एका कारब्यात साडेबासष्ट किलो आम्ल मावते, आणि तीनशे कारब्यांचे निव्वळ वजन १९ टनांच्या घरात जाते. शुल्कवर्गीकरणात या मालाचे एकक किलोग्रॅम आहे, त्यामुळे शिपिंग बिलावरचा आकडा निम्म्याच्या आसपास येईल, तर १ जुलै २०१६ पासून सक्तीचे झालेले कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन काट्यावर वेगळेच काही सांगेल. दोन कागद परस्परांना खोटे पाडतील आणि आपण मात्र लिटर-किलोच्या घोळात होतो, हे कोणालाही पटणार नाही. भाव आपण किलोवर ठरवला आहे की कारब्यावर, हेही एकदा तपासा. किलोवर ठरवला असेल तर आपण जवळपास निम्मा माल फुकट देण्याच्या बेतात आहात.

शिवाय आपण गिऱ्हाइकांकडून परत येणारे, घासून पुन्हा भरले जाणारे कारबे वापरता, हे पत्रावरून दिसते. ते स्थानिक विक्रीत चालत आले असतील. समुद्रमार्गे चालणार नाहीत. निर्यातीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानकानुसार तपासलेले आणि भारतीय पॅकेजिंग संस्थेने प्रमाणित केलेले कारबे घ्यावे लागतात. अशा कारब्यावर एक खूण उठवलेली असते. तिच्यातील ‘थ्री-एच-वन’ म्हणजे न उघडणाऱ्या माथ्याचा प्लास्टिकचा जेरीकॅन. त्यापुढचे ‘वाय’ म्हणजे पॅकिंग गट दोन आणि तीनच्या मालाला योग्य. आणि ‘वाय’ला लागून असलेला आकडा म्हणजे किती घनतेच्या द्रवासाठी तो तपासला आहे ते. हा आकडा १.४ असेल तर तो कारबा आपल्या मालासाठी घेऊ नका, कारण आपला द्रव १.८४ घनतेचा आहे, १.८४ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. पुरवठादार “यूएनवाला माल आहे” असे म्हणतो तेव्हा तो बहुधा या आकड्याविषयी बोलत नसतो, म्हणून स्वतः वाचावा. खुणेतच बनावटीचे वर्ष असते, जवळच महिनाही उठवलेला असतो, आणि प्लास्टिकच्या अशा कारब्याचे आयुष्य बनावटीपासून पाच वर्षे धरले जाते. पुढे कधी ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्ल पाठवण्याची वेळ आली तर तीच मुदत दोन वर्षांची होते, हे आत्ताच टिपून ठेवा.

नोंदणीचे विषय थोडक्यात उरकतो, कारण त्यांत अवघड असे काही नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक, जो आता आपल्या पॅन क्रमांकासारखाच असतो, बडोद्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे न जाता संगणकावरूनच मिळतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. बँकेचा ए.डी. कोड, म्हणजे परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक, आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर नोंदवावा. एकात्मिक कर न भरता निर्यात करायची असेल तर जी.एस.टी.च्या संकेतस्थळावर हमीपत्र आधी दाखल करावे. रसायनांच्या निर्यात परिषदेचे, म्हणजे केमेक्सिलचे, नोंदणी प्रमाणपत्र घेऊन ठेवा. शिपिंग बिल भरताना करपरताव्याच्या रोडटेप योजनेचा लाभ हवा की नको, अशी एक जागा असते; ती रिकामी राहिली की पुढे कितीही पत्रव्यवहार केला तरी हाती काही लागत नाही. रसायनांचा अठ्ठाविसावा अध्याय या योजनेत डिसेंबर २०२२ पासून आला.

निर्यातीच्या फाइलीत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल यांच्याशिवाय घातक मालाचे घोषणापत्र, सोळा विभागांची सेफ्टी डेटा शीट, पॅकेजिंग संस्थेचा दाखला, विश्लेषणाचा दाखला, कंटेनर भरल्याचे प्रमाणपत्र आणि वजनाची घोषणा इतके असावे. हे सर्व ई-संचित या सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदपत्र-व्यवस्थेवर चढवले जाते. मात्र त्यांतील सेफ्टी डेटा शीट आणि घोषणापत्र जहाज कंपनीकडे कंटेनर मागण्यापूर्वीच जायला हवे, कारण घातक मालाला कंपनीची मंजुरी वेगळी लागते आणि काही कंपन्या काही मार्गांवर तीव्र आम्ले घेतच नाहीत. आपल्या एजंटने बुकिंग आधी केले आहे आणि मंजुरी मागितलेली नाही, असे पत्रावरून वाटते. हा क्रम उलटा करा. दशरथच्या कंटेनर डेपोतून माल पाठवायचा की थेट बंदरावर न्यायचा, हे ठरवण्यापूर्वीही त्या डेपोकडून आणि कंपनीकडून वर्ग ८ चा माल स्वीकारला जाईल, असे लेखी मागा. माझे मत विचाराल तर आम्ल स्वतःच्या आवारात भरून, इलेक्ट्रॉनिक सील लावून पाठवणे चांगले. डेपोत प्रत्येक कारबा एकदा अधिक उचलला जातो आणि प्रत्येक उचल म्हणजे एक संभाव्य गळती. त्या ट्रकवर मोटार वाहन नियमांप्रमाणे आपत्कालीन माहितीचे फलक हवेत, चालकाकडे ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचे हे सांगणारे) हवे आणि घातक मालाच्या वाहतुकीचे प्रशिक्षण घेतल्याची नोंद त्याच्या परवान्यावर हवी.

पलीकडच्या बाजूचे एक काम मात्र विसरू नका. टांझानियात औद्योगिक रसायने आणण्यासाठी आयातदाराला तेथील शासकीय रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळा प्राधिकरणाकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. आपल्या गिऱ्हाइकाकडून त्या परवान्याची प्रत आगाऊ रकमेबरोबरच मागा. दुसरे असे की सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन्ही आम्ले अमली पदार्थांविरोधी १९८८ च्या संयुक्त राष्ट्र कराराच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत, कारण मादक द्रव्ये तयार करताना त्यांचा उपयोग होतो. त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईक, वापराविषयी टाळाटाळ, रोख रकमेचा आग्रह अशी लक्षणे दिसली तर मालाचा भाव कितीही चांगला मिळत असो, थांबावे. अंतिम वापराचे लेखी निवेदन घ्यायला संकोच करू नये.

आयातीकडे वळतो, तेथे माझे मत आपल्या उत्साहाला थोडे मारक ठरेल.

ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचा संकेतांक २९१५२१००, सी.ए.एस. क्रमांक ६४-१९-७ आणि यूएन २७८९. ते वर्ग ८ मध्ये येते, पण ज्वलनशीलतेचा उपवर्ग ३ त्याला जोडलेला आहे, म्हणजे टँक ठेवण्याची जागा सल्फ्युरिकच्या हिशेबाने ठरवू नका. पहिला प्रश्न भावाचा नाही, भारतीय मानकाचा आहे. ॲसिटिक आम्लासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि आय.एस. ६९५ हे मानक सक्तीचे केले. असा आदेश लागू असताना परदेशी उत्पादकाकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना नसेल, तर माल उत्तम असूनही तो बंदरातून बाहेर येत नाही; परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो, आणि आम्ल नष्ट करण्याचा खर्च ते विकत घेण्याच्या खर्चाशी स्पर्धा करतो. अशा आदेशांना मुदतवाढी मिळतात, दुरुस्त्या होतात आणि अलीकडे काही रसायनांवरील आदेश मागेही घेतले गेले, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका: मागणी नोंदवण्याच्या दिवशी राजपत्रातील स्थिती पाहा आणि आदेश लागू असेल तर उत्पादकाचा परवाना क्रमांक करारातच लिहून घ्या. परवाना उत्पादकाचा लागतो, विकणाऱ्या दलालाचा नव्हे.

कराचा हिशेब एकदा नीट समजून घेतला की भावाची भुरळ कमी होते. समजा मालाचे विमा आणि भाडे धरून मूल्य १०,००,००० रुपये आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आहे. शुल्क झाले ७५,०००. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ७,५००. या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० वर, १८ टक्के एकात्मिक कर १,९४,८५० रुपये. हा शेवटचा आकडा पुढे कराची वजावट म्हणून मिळतो, पण तो आज रोख भरावा लागतो. पहिले दोन आकडे कायमचे खर्चात जातात. आसियान कराराखाली शुल्कात सूट मिळू शकते, मात्र त्यासाठी मूळ देशाचा दाखला पुरेसा नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार माल त्या देशात खरोखर कसा तयार झाला, याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते आणि ती पाच वर्षे जपावी लागते. मलेशियातील उत्पादक ती द्यायला तयार आहे का, हे विचारा. केवळ व्यापारी असेल तर तो बहुधा टाळेल. (करावरून आठवले: सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लावरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आपल्या कच्च्या इन्व्हॉइसच्या नमुन्यात सल्फ्युरिकपुढे अजून १८ टक्के छापलेले दिसते. ते निर्यातीला लागू नाही, पण स्थानिक बिलेही त्याच नमुन्यावर निघत असतील तर आजच दुरुस्त करा.)

याशिवाय घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीविषयीचे १९८९ चे नियम आहेत. त्यांच्या अठराव्या नियमानुसार माल कोठून येतो, किती येतो, कोणत्या बंदरावर उतरतो आणि त्याची सुरक्षाविषयक माहिती काय, हे संबंधित प्राधिकरणाला शक्यतो तीस दिवस आधी आणि उशिरात उशिरा आयातीच्या दिवसापर्यंत कळवावे लागते. हा कागद कस्टम ब्रोकर सहसा आठवून देत नाही, कारण तो त्याच्या यादीत नसतो. बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हायला हवे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. ते तीस दिवस आधीपर्यंत दाखल करता येते, तेव्हा वाट पाहण्याचे काही कारण नाही.

अधिकारी नमुना घेतील हे गृहीत धरा. सीमाशुल्क विभागाची प्रयोगशाळा बडोद्यातही आहे. पण नमुना कोठे जाईल हे माल कोठे उतरतो त्यावर ठरते. येथे निसर्गाचाही एक अडथळा आहे. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १६.६ अंश सेल्सियसला गोठते, आणि जानेवारीतल्या पहाटे आपल्याकडचा पारा त्याच्या खाली उतरतो. गोठलेल्या टँकमधून नमुनाही निघत नाही आणि मालही उतरत नाही, पण भाडे मात्र चालू राहते. हिवाळ्यात मागवणार असाल तर तापवण्याची सोय असलेला टँक मागा.

एवढे सगळे मांडल्यावर माझा सल्ला स्पष्ट आहे: निर्यात करा, आयात या वर्षी करू नका. ॲसिटिक आम्ल आपल्या शेजारी भरूचला तयार होते, टँकर सकाळी निघून दुपारी येतो आणि भावातला फरक वरच्या हिशेबात बहुतांशी विरून जातो. निर्यातीचे दोन-तीन कंटेनर सुरळीत गेले, कागदांना हात बसला, की आयातीचा विचार पुन्हा काढा. आणि त्या वेळी पुरवठादाराने ॲसिटिक ॲनहायड्राइड स्वस्तात देऊ केले, तर नाव सारखे आहे म्हणून होकार देऊ नका. ते अमली पदार्थ कायद्याखालच्या २०१३ च्या आदेशातील नियंत्रित द्रव्य आहे. त्याचा देशांतर्गत व्यवहारही नोंदणीशिवाय करता येत नाही, आणि आयात-निर्यातीसाठी नार्कोटिक्स आयुक्तांची परवानगी लागते, ज्यांचे कार्यालय ग्वाल्हेरला आहे. तसेच हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या निर्यातीची मागणी आली तर भाव सांगण्यापूर्वी स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी, उघडा. वापरलेले, म्हणजे ‘स्पेंट’ ॲसिड कोणी स्वस्तात बाहेर पाठवायला सांगितले तर ते रसायन नसून घातक कचरा आहे आणि त्याला २०१६ चे वेगळे नियम लागतात, हे ध्यानात असू द्या.

काकांविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावर मी त्यांच्या विरुद्ध बाजूने उभा राहणार नाही. तंत्रशिक्षण देणारे कलाभवन बडोद्यात १८९० मध्ये स्थापन झाले तेव्हापासून या शहराने रसायने हाताळणारी माणसे घडवली आहेत, आणि तीस वर्षांत एकदाही मोठी गळती न होऊ देणारा माणूस कागदाला कमी लेखत असला तरी मालाला कमी लेखत नाही. कारब्याच्या तळाची खूण वाचणे, घनता मोजणे, बूच घट्ट आहे की नाही हे पाहणे, कंटेनरमध्ये लाकडी आधार कोठे द्यायचा हे ठरवणे ही कामे त्यांच्याकडे द्या. कंटेनर भरल्याच्या प्रमाणपत्रावर सही कोणाची असावी, तर ज्याने तो समोर उभे राहून भरून घेतला त्याची. कागदांची जुळणी आपण स्वतः करा. एजंट बदलावा, असे माझे मत आहे. जो पहिल्याच भेटीत खोटे नाव सुचवतो, तो अडचण आली की आपलेच नाव सांगेल. परवानाधारक कस्टम ब्रोकर घ्या आणि त्याने यापूर्वी वर्ग ८ चा माल पाठवलेली दोन शिपिंग बिले, गिऱ्हाइकाचे नाव झाकून, दाखवायला सांगा.

आपल्या इन्व्हॉइसवरची ‘बॅटरी ॲसिड’ची ओळ खोडून तेथे असे लिहा: “सल्फ्युरिक ॲसिड ९८ टक्के, तांत्रिक दर्जा, सी.ए.एस. ७६६४-९३-९, एच.एस. २८०७००१०, यूएन १८३०, वर्ग ८, पॅकिंग गट दोन, ३५ लिटर क्षमतेचे ३०० नवे यूएन-प्रमाणित प्लास्टिक कारबे.” पुढे निव्वळ आणि एकूण वजन काट्यावरून किलोमध्ये भरा. पॅकिंग लिस्टवर, घोषणापत्रावर आणि कारब्याच्या लेबलवर हीच ओळख याच शब्दांत आणि याच क्रमांकांसह उतरवा. नव्या कारब्यांचा नमुना हाती आला की त्यावरच्या खुणेचा फोटो मला पाठवा. ‘वाय’पुढचा आकडा मी पाहून सांगतो.